मंगळवारच्या बाई

निहार पाष्टे माझा आवाज काढायचा.
हुबेहूब. खडूच्या भुकटीने बसलेल्या घशासकट:
‘कोण बोलतंय मागे?’
बावन्न पोरं फिदीफिदी हसायची
आणि मी, तिसरी ‘ब’ची वर्गशिक्षिका,
नोकरीला एकोणीस वर्षं झालेली,
त्याला दाराबाहेर उभं करायची.
बाहेर तो खूश दिसायचा.
त्याचाच मला जास्त राग यायचा.

भांडुपच्या टेकडीवर आमची शाळा.
खाली पाण्याचा टँकर मागे येऊ लागला
की त्याची किणकिण दुसऱ्या मजल्यापर्यंत चढते.
वर पंख्याची करकर, पलीकडे सतराचा पाढा,
खिचडीच्या टोपावर आपटणारा डाव.
मला यातलं काही ऐकूच यायचं नाही.
सवय. सवय म्हणजे पगारी बहिरेपणच.

रुमाव बाई यायच्या महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी,
वसईहून. वाट्याला अकरा शाळा,
खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत चित्रांची कार्डं
आणि डबा, जो त्या उभ्यानेच खायच्या.
पाऊण तास. की पुढची शाळा.
एकदा मी म्हणाले, जरा टोचूनच,
‘देवसुद्धा दर गुरुवारी भेटतो हो.’
‘आमचा रविवारी,’ त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

त्या दिवशी मागच्या बाकावर बसून राहिल्या.
मधल्या सुट्टीत वही माझ्यापुढे सरकवली:
पावणेअकरा, टँकर. कोण बोलतंय मागे.
अकरा दहा, बाक सरकवले. कोण बोलतंय मागे.
साडेअकरा, तुम्ही ओरडलात. कोण बोलतंय मागे.
‘नक्कल नाही करत तो, बाई.
फार आवाज होतोय, एवढंच सांगतोय.
त्यासाठी त्याच्याकडे एकच वाक्य आहे.
तुमचं.’

मी काही बोलले नाही.
तपासायच्या वह्या होत्या, त्या तपासल्या.
एकोणीस वर्षांत माझं कुठलंच वाक्य
कुणी इतकं कामाला लावलं नव्हतं.

जूनमध्ये कागद आला.
बाईंना अकराच्या जागी तीन शाळा,
आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस,
आणि शाळेने एक खोली द्यावी, असं.
खोली! होती ती जिन्याखालची:
निवडणुकीचे पेटारे, मोडके बाक,
थर्माकोलचं अर्धं मखर, एक पाय नसलेला घसरगुंडीचा हत्ती.
तुळसकर मामा दोन दिवस धूळ काढत होते.
तिसऱ्या दिवशी, कुणी न सांगता,
घंटेच्या हातोडीला त्यांनी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली.
आता आमची घंटा खोकल्यासारखी वाजते.

पालकसभेत भोईर उठून म्हणाले,
‘एकासाठी एवढं? आमच्यांनी काय घोडं मारलंय?’
मला उत्तर सुचलं नाही.
घरी भांडी घासताना सुचलं, पण ते भांड्यांनाच सांगितलं.

निहार निळं कार्ड दाखवतो, खाली जातो,
सात मिनिटांनी परत येतो.
कधी वीस. कधी येतच नाही.
परवा त्याने कार्ड चावून टाकलं.
बाई नसतात त्या दिवशी कार्डांचा गठ्ठा
माझ्या पर्समध्ये असतो, रिक्षाच्या सुट्ट्या पैशांत,
आणि मी चुकते. गणिताच्या तासाला तर हमखास.
वर्गात ओरडणं कमी झालंय,
संपलंय असं म्हणणार नाही.

काल जिन्यात पहिलीतली एक मुलगी दिसली.
भिंतीकडे तोंड, दोन्ही कानांवर तळवे,
कोपरं इतकी घट्ट की गणवेशाची शिवण ताणलेली.
तिच्या बाई म्हणाल्या, ‘हट्टी आहे.’
मी नाव विचारलं. तनिषा शिगवण.

कार्यालयाकडून आलेल्या तक्त्यात
एका शाळेसाठी चार ओळी होत्या.
चारही भरलेल्या.
मी टेबलावरची फूटपट्टी घेतली,
तिचा एरवीचा उपयोग मी इथे लिहिणार नाही,
आणि चौथीखाली पाचवी ओळ आखली.

जरा तिरकी आली.